टोमॅटो कुणी आणायचे

— अशी नाही हो, आडवी धरायची चरखी, आडवी! दोन्हीकडचे दांडे नुसते बोटांवर ठेवायचे आणि ती फिरेल तशी फिरू द्यायची — हां, जमलं. घट्ट धरलीत तर मांजा तुटतो, सैल सोडलीत तर गुंता होतो, आणि गुंता सोडवत बसलो तर खाली आईला वाटेल, ही दोघं इतका वेळ बोलतायत तरी काय. तुमची इथली पहिलीच संक्रांत ना? मग बरोबर आहे. जयपूरला आज घरात कुणी सापडायचं नाही, म्हातारीकोतारी माणसंसुद्धा गच्चीवर. ते बघा माथुरजी, पलीकडच्या गच्चीवर, कानटोपीवाले — त्यांनी लाउडस्पीकर भाड्याने आणलाय, कशाला, तर नुसतं ‘वो काटा, वो काटा’ ओरडायला. उद्या घसा बसलेला असतो त्यांचा, भाभीजी दिवसभर हळददूध देत असतात. आणि ती समोरची टेकडी, मोती डूंगरी. झालं, तिलक नगरच्या गच्चीवरून पाहण्यासारखं एवढंच. बाकी आज सगळे पतंग.

आणि तुम्ही असे अवघडून उभे राहू नका हो. हा काही बघण्याचा कार्यक्रम नाहीये. खरंच नाहीये! पौष चाललाय ना — पौषात लग्नाची बोलणी करायची नसतात, आमच्या आईचा अगदी कडक नेम आहे, आणि तुमच्या आईंचाही असणार, कारण मघापासून दोघींच्या तोंडून ‘लग्न’ हा शब्द एकदाही निघालेला नाही, आलं का लक्षात? तुम्ही तिळगूळ घ्यायला आलात. आता तिळगूळ घ्यायला आलेल्या माणसाला पोहे कशाला, बँकेत पुढची बढती कधी हे कशाला विचारायचं, आणि ‘आमच्या अलकाबरोबर जरा पतंग बघून या’ म्हणून त्याला वर कशाला पाठवायचं — ते विचारायचं नाही. पौष संपला की मग रीतसर बोलणी. तोवर आपण पतंग बघतोय. बघा ना! तुम्ही पतंग सोडून माझ्याकडेच — नाही, बघा, माझ्याकडे बघितलंत तरी चालेल, मी आपलं म्हटलं.

मी फार बोलते का? बोलते. आज जरा जास्तच बोलतेय, सकाळपासून नुसती साळुंकीसारखी — छे, साळुंकी नको, आईने सांगितलंय, कॉलेजातले प्राणी आज काढायचे नाहीत. मी प्राणिशास्त्र शिकवते ना मुलींच्या कॉलेजात, तर मागे एकदा असेच कोट्याहून एक जण आले होते — तिळगुळाला नाही, रीतसर बघायला — आणि त्यांच्या वडिलांनी विचारलं, ‘बेटी, दिवसभर काय करतेस?’ मी म्हटलं, बेडूक कापते. आई म्हणते त्यांचा पोह्यांचा चमचा तिथेच थांबला. तेव्हापासून आईने मला दोन गोष्टी बजावून ठेवल्यात. ‘अलके, माणसं आली की दोन गोष्टी तोंडातून काढायच्या नाहीत.’ एक बेडूक. ते तर मी आत्ताच सांगून टाकलं. आणि दुसरी — नाही, दुसरी मी सांगणार नाही. आईला शब्द दिलाय. ही साडी नेसवताना, निऱ्या हातात धरून तिने तो माझ्याकडून वदवून घेतला, सुटकाच नव्हती. तिळगूळ घ्या आणि गोड बोला म्हणतात, पण किती बोला ते काही कुणी सांगून ठेवलेलं नाही.

तुमचे मोजे — नाही, काही नाही. मोजे छान आहेत म्हणत होते. दाराशी बूट काढलेत ना, तेव्हा दिसले. तुम्ही एकटे राहता ना इथे, तुमच्या आई परवाच आल्यात नाशिकहून, मग घाईत होतं असं कधीकधी. मला आवडलं उलट. कोट्याचे ते इतके इस्त्रीचे होते, इतके इस्त्रीचे, की वाकून चहाचा कप घ्यायला तयार नाहीत.

बरं, पतंग लावू या? ते बघा, तुमच्या मागे कठड्यापाशी गठ्ठा ठेवलाय, विटेखाली. त्यातला तो लाल द्या. घाई नाही, बघून द्या, कणी बांधलेला असेल तो. आज सकाळी बाबांनी आणलेत ते. बाबांना पतंग आणायला पाठवायचं म्हणजे — चांदपोलच्या दुकानदाराला मी आधीच सांगून ठेवलं होतं, भैया, पापाजी आएँगे तो रंग आप ही देख के दे देना — नाहीतर बाबा —

गेलं. गेलं की नाही तोंडातून? बघा, म्हणून मी आईला म्हणत होते, मला पतंगांजवळ पाठवू नकोस.

बाबांना लाल-हिरवं कळत नाही. हीच ती दुसरी गोष्ट. रंगांधळे. म्हणजे आंधळे नाहीत हो, उत्तम दिसतं त्यांना, माथुरजींच्या टोपीचा गोंडासुद्धा दिसेल इथून. फक्त लाल आणि हिरवा, दोन्ही त्यांना एकच. कसला तरी मातकट एक रंग, असं ते म्हणतात, पण मातकट म्हणजे तरी काय, त्यांनी आपली माती कुठे बघितलीये! त्यांना रेल्वेत जायचं होतं, गार्ड व्हायचं होतं. सोलापूरला डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि विचारलं, यात आकडा कुठला दिसतो — बाबा म्हणाले, आकडा? कुठे आहे आकडा? एकोणीस वर्षं या माणसाला पत्ताच नव्हता! त्यांना वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं आणि लोक उगाच दोन दोन नावं ठेवतात. मग विम्याच्या कचेरीत लागले. विम्याला काय, कागद काळा-पांढरा. पण टोमॅटो! आमच्याकडे टोमॅटो बाबांनी आणायचे नाहीत हा घरचा कायदा आहे. एकदा दोन किलो आणले, सगळे हिरवे, आणि कौतुकाने आईला म्हणतात, ‘बघ कसे घट्ट मिळाले.’ आईने महिनाभर चटणी केली. आईच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला डाळिंबी साडी आणली बाबांनी — पोपटी निघाली. अगदी पोपटी! आई नेसली ती. दिवसभर नेसली, आणि एका शब्दाने बोलली नाही, आणि बाबा ज्याला त्याला सांगत होते, डाळिंबी हिला शोभते. मी तेव्हा मोरीत जाऊन हसले आणि मग का कोण जाणे रडलेसुद्धा.

आणि आमेर! आमेरचं तर ऐकाच. आम्ही दोघं गेलो होतो आमेरला, थंडीचेच दिवस, बाहेर एक बाई बोरं विकत होती. बाबा निवडायला बसले, मी फोटो काढत होते. त्यांनी घेतली शेरभर, पुडी हातात, आणि भिंतीवरून एक माकड उतरलं, सावकाश, अगदी गिऱ्हाइकासारखं. पुडीत हात घातला, एक बोर काढलं, बघितलं, परत टाकलं! दुसरं काढलं, बघितलं, परत टाकलं! मग बाबांकडे असं बघितलं त्याने, काय सांगू, आणि सरळ त्या बाईच्या टोपलीकडे गेलं आणि मूठभर लालबुंद उचलून वर. बाबांची सगळी कच्ची होती ना! बाई हसतेय, मी हसतेय, बाबा म्हणतात, ‘अगं, त्याला कसं कळलं?’

तर कसं कळलं? हाच तर प्रश्न आहे! माकडाला कसं कळलं आणि बाबांना का नाही? आणि ते कळलंय आता — गेल्याच वर्षी, शहाऐंशीत, अमेरिकेत — तो अंक आमच्या लायब्ररीत यायला नोव्हेंबर उजाडला, पण आला, आणि मी तिथे उभ्या उभ्या वाचला आणि इतक्या मोठ्यांदा ‘अय्या!’ म्हणाले, की लायब्रेरियनजींनी मला बाहेर काढलं. मी बाहेर पायरीवर बसून उरलेला वाचला. सांगू? दोन मिनिटं. चरखी ठेवा खाली हवं तर. मासा, बेडूक — हो, परत बेडूक, असू दे — कबूतर, गाय, आपण, ज्यांना म्हणून पाठीचा कणा आहे त्या सगळ्यांच्या डोळ्यांत उजेड ओळखणारी द्रव्यं असतात, आणि ती सगळी एकाच घराण्यातली. कशी बनवायची, ते जीनमध्ये लिहिलेलं असतं. कबुतराला आपल्याहून जास्त रंग दिसत असावेत, ते इथे बसून आज काय मजा लुटत असेल! गाईला कमी. बैल लालवर धावतो म्हणतात ना, त्याला बिचाऱ्याला लाल दिसतच नाही, तो फडक्याच्या हलण्यावर धावतो. म्हणजे गाय, कुत्रं, मांजर — सगळे आमच्या बाबांसारखे. मग सस्तन प्राण्यांत माकडं आणि माणसं यांनाच लाल-हिरवं कुठून आलं? तर चुकून! अहो, चुकून आलं! आईचा तो स्वेटर बघितलात ना खाली, अर्धा विणलेला? समजा विणता विणता आईने एक पट्टी चुकून दोनदा विणली. तीच पट्टी, लागूनच, आणि दुसऱ्या वेळी दोनचार टाके इकडचे तिकडे झाले. उसवली नाही, राहू दिली. तस्संच झालंय. फार फार पूर्वी, कुठल्या तरी माकडाच्या पोटी, एका जीनची शेजारीच दुसरी नक्कल झाली, आणि नकलेत थोडे टाके चुकले — आणि त्या चुकलेल्या टाक्यांमुळे एक लाल ओळखायला लागला आणि एक हिरवा! अजून शेजारी शेजारी आहेत ते दोघं, जवळजवळ सारखेच. पिकलं बोर कुठलं आणि कच्चं कुठलं हे कळायला लागलं, कुंकू दिसायला लागलं, हे सगळे पतंग दिसायला लागले, कशामुळे, तर एका चुकीमुळे. मला इतका आनंद झाला ना त्या पायरीवर, कुणाला तरी धरून नाचावंसं वाटलं. आणि कुणी नव्हतं तिथे. चपराशी होता.

मग घरी येऊन बाबांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी सगळं, नीट, आणि म्हणाले, ‘म्हणजे माझ्यात काही बिघडलेलं नाही, मी फक्त जुन्या विणीचा आहे.’ आणि मग म्हणाले, ‘अलके, पण लाल म्हणजे नक्की कसा गं असतो?’ एम.एस्सी. आहे मी, आणि मिरची, कुंकू, विस्तव अशी नुसती नावं घेत बसले. इतकं वाईट वाटलं.

— आणि आता मुद्द्याचं. हे मी सांगणार नव्हते, पण अर्धं सांगून अर्धं ठेवणं माझ्याच्याने होत नाही. हे दोन जीन बसतात एक्स क्रोमोसोमवर. बायकांकडे तो जोडीने असतो, एकात बिघाड असला तर दुसरा सांभाळून घेतो. पुरुषांकडे एकच. आणि बाप मुलीला देणार तर तो एकच देणार, त्याच्याकडे दुसरा आहेच कुठे? म्हणजे बाबांचा तो माझ्याकडे आहे. नक्की आहे, त्यात शंकाच नाही. मला सगळे रंग दिसतात, पण तो माझ्याजवळ आहे, आणि मला मुलगा झाला तर — अर्धी शक्यता. प्रत्येक मुलाच्या वेळी, छापा की काटा. तो पायलट होणार नाही, गार्ड होणार नाही, टोमॅटो कच्चे आणेल. हे कोट्याच्यांना मी सांगितलं. आठवड्यात उत्तर आलं, पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती हो! म्हणून आई म्हणते, गप्प बसायचं. कुणाला दिसणार आहे, म्हणते. पण मला नाही जमत. आणि तुम्हाला तर मुळीच नाही — म्हणजे कुणालाच नाही, पण मघाशी जिन्यात तुम्ही मला पुढे जाऊ दिलंत आणि वर आल्यावर इतकं नीट ऐकून घेताय, मधेच घड्याळ बघत नाही — तुम्हाला फसवून मला नकोय काही. तर सांगितलं. आता खाली जाऊन तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. पत्रिका मात्र नका म्हणू. तेवढं करा.

पतंग द्या तो. कधीचे हातात धरून उभे आहात. तो लाल — अहो, हा हिरवा आहे. मी लाल म्हटलं होतं. बरं, चेष्टा करताय! बाबांवरून चेष्टा, हं? चालेल, चांगलंच लक्षण आहे ते. द्या आता खरा.

हाही हिरवाच आहे.

थांबा. थांबा हं. हा माझ्या पदराचा काठ — हा कुठल्या रंगाचा आहे? नका सांगू, नका, घाम फुटलाय तुम्हाला जानेवारीत. मोजे! एक मरून आणि एक बाटलीहिरवा — मला वाटलं घाई, मला वाटलं बिचारे एकटे राहतात! आणि खाली आईने तो स्वेटर पुढे करून विचारलं, ‘हा रंग कसा वाटतो हो तुम्हाला?’ आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत तुमच्या आई, ‘त्याला सगळेच रंग आवडतात, सगळेच!’ — मी म्हटलं या इतक्या का घाईला आल्यात! सांगितलंय ना त्यांनी तुम्हाला? अवाक्षर काढायचं नाही म्हणून? येताना रिक्षात? कुणाकडून आलंय — आजोबा? आईचे वडील? बरोबर! अगदी बरोबर, तिकडूनच येणार! अहो म्हणजे — म्हणजे आत्ता खाली आमची आई बसलीये पोटात एक गुपित धरून, आणि समोर तुमच्या आई बसल्यात तेच गुपित धरून, आणि दोघी एकमेकींना हलवा देतायत! आणि मध्ये बाबा! बाबांना तर आज आपलं माणूस भेटलं, दोघं मिळून ठिपक्यांच्या पुस्तकात एकही आकडा नसतो म्हणून शपथेवर सांगतील! — धरा मला, नाही नको, धरू नका, माथुरजी बघतायत. हसून हसून दुखायला लागलं माझं.

आणि मुलींचं! मुलींचं लक्षातच आलं नाही माझ्या. मुलींना सहसा होत नाही, जोडी असते ना, पण बापाकडून एक तसला आला, तो तर येणारच, आणि आईकडून तसलाच आला — तुमचं आणि बाबांचं एकाच प्रकारचं असलं तर, हं — तर मुलीलाही! मुलीलाही अर्धी शक्यता! इतकं दुर्मीळ आहे हे, वर्गात शिकवायला उदाहरण मिळत नाही, आणि इथे घरातल्या घरात! म्हणजे कदाचित सगळ्या घरात लाल ओळखणारी मी एकटीच. मोजे मी गाठ मारून ठेवीन जोडीने, ते एक सोपं आहे. स्कूटरवर मागून सांगत जाईन, थांबा, निघा, वरचा दिवा लागला की थांबायचं तुम्हाला माहीतच असेल. पोरांच्या खडूंवर नावं लिहून ठेवायची. बाबा आले की तुम्ही दोघं साड्यांच्या दुकानात मुळीच जायचं नाही, एकत्र तर नाहीच. आणि टोमॅटो काही झालं तरी मीच आणायचे, आपल्याकडे टोमॅटो तुमच्याकडे सोपवायचेच नाहीत, तुम्ही बाकीची —

नाही. म्हणजे — मी एक उदाहरण म्हणून म्हणत होते. वर्गात आम्ही असंच घेतो, समजा एक घर आहे, असं. कुणाचं तरी.

पतंग किती लांब गेला बघा तो. तो, निळा.

तुम्ही काही म्हणालात?

भेंडी?

भेंडी तुम्ही आणाल. हो — भेंडीत चुकायला काही जागाच नाही. पण भेंडी आत्ता कुठली हो, इथे ती उन्हाळ्यात येते, पार एप्रिल-मेमध्ये — म्हणजे उन्हाळ्यात तुम्ही — बरं. चालेल. उन्हाळ्यात आणा.

— आले गं आई, आलोच! पतंगच बघतोय! — ऐका, चेहरा सरळ करा आधी. पौष आहे अजून, काही झालेलं नाही, काही बोललेलो नाही आपण. नका ना हसू, तुम्ही हसलात की मलाही — बास. आता मी गप्प. जिना उतरा, मी आलेच मागून.